चेक-इन तीन वाजता

जहाज ब्रिजटाउनला लागतं सकाळी आठला,
सुटतं संध्याकाळी पाचला.
कामगारांनी साडेचारच्या आत शिडी चढायची.
आणि हॉटेलवाले म्हणतात, चेक-इन तीन वाजता.

मी शिरोलीला फौंड्रीत डिस्पॅच बघते.
कुठली पेटी, कुठला ट्रक, कुठलं बंदर,
अकरा वर्षांत एक चुकली नाही.
हे मात्र बसेना:
तीन ते साडेचार,
त्यातली वीस मिनिटं बंदराकडं परत चालत,
उरली सत्तर. भाडं पंधरा हजार आठशे.
म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे रुपये.
सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात उशी तरी ऊन होते का गं?"
मी हसत बसले, तव्यावरची भाकरी करपली.

राजारामपुरीत तिसऱ्या गल्लीत सुकुमार बसतो,
यात्रा काढतो, आल्या-गेल्याला तिकिटं करून देतो.
ब्रिजटाउन म्हटल्यावर त्यानं चष्मा कपाळावर नेला,
भिंतीवरच्या नकाशात आधी आफ्रिका शोधली.
"शिखरजीला जावा की वहिनी, खोली आत्ता टाकतो."
मग कळलं, लंडनला नुसतं विमान बदलायचं
तर त्यालाही निराळा कागद लागतो.
त्यानं चहा मागवला. दोन मागवले.

सन्मतीचा फोन येतो रात्री दीडला.
जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेघेखाली त्याची लाँड्री,
दिवसाला किती चादरी ते आता तो मोजत नाही.
झोपायची खोलीही तिथंच, चौघांत एक,
खिडकीच्या जागी कॅलेंडर.
मी विचारलं, समुद्र दिसणारी खोली घेऊ का?
तीस डॉलर जास्त पडतात, पण घेऊ.
"समुद्र नको गं," तो म्हणाला.
"रस्त्याकडची बघ.
खाली एखादं कुत्रं, सायकलवाला,
कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय,
असली."
रस्त्याकडची स्वस्त होती.
हे मी त्याला लगेच सांगितलं नाही.

हॉटेलला पत्र इंग्रजीत लिहिलं.
त्यात येतो आणि येते एकच.
आमच्या पेठेतल्या बायका जन्मभर तसंच बोलतात,
त्यामुळं मला ते जड गेलं नाही.
लिहिलं: नवरा जहाजावर आहे, वर्षानं भेटणार,
खोली लवकर मिळेल का?
आणि नाश्त्यात कांदा-लसूण नसलेलं काही असेल तर.
मार्शिया नावाच्या बाईचं उत्तर आलं,
नाश्त्याला पपई आणि ब्रेड नक्की आहे,
खोली बारा वाजता द्यायचा प्रयत्न करू.
प्रयत्न.
हा शब्द मीही रोज लिहिते,
पुण्याच्या, राजकोटच्या, डर्बनच्या गिऱ्हाइकांना,
आणि त्यातल्या निम्म्यांना पेटी वेळेवर पोचते.

बारा ते चार धरू.
मिनिटाला सहासष्ट.
गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला थांबले होते,
तिथंच उभ्यानं, पेला डाव्या हातात,
उजव्या अंगठ्यानं पैसे भरले.
शेजारी धार काढणारा म्हणाला, फेस बसला की हो तुमचा.

अजून काहीच पक्कं नाही.
त्याची उतरायची पाळी मुकादमाच्या मर्जीवर,
वादळाचं जहाज ऐकेल तसं.
आठ दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत,
त्याचा गजर मी लावून ठेवलाय.
शेंगाच्या चटणीचा डबा
सासूबाईंनी आत्ताच दोनदा तोलला.

मला ठाऊक आहे तो काय करेल.
आत शिरल्याबरोबर चादरीचा कोपरा उचलून बघेल,
इस्त्री कुणी मारली, घडी कशी पडली,
जिभेनं च्च करेल किंवा मान हलवेल.
मग आडवा होईल,
दुसऱ्या कुणाच्या हातच्या चादरीवर,
आणि बोलता बोलता झोपेल.
झोपू दे.
सव्वातीनपर्यंत मी खिडकीत बसेन.
खाली कुत्रं आलं तर उठवेन.