वरची ओळ

आप्पांचे कान फुटलेत,
तालमीत घासून सुक्या अंजिरासारखे झालेत.
गंगावेशीत अजून एखादा म्हातारा सायकल थांबवतो,
"शमुवेल न्हवं? पाठीला माती लागली न्हाई गड्या तुझ्या."
आप्पा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

त्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू कालवायचे,
आणि ती कपाळाला लावूनच पोरांनी हौद्यात उतरायचं.
आप्पाही लावायचे.
रविवारी तेच कपाळ मंडळीत पुढच्या बाकावर.
प्रार्थनेला सगळे गुडघे टेकत, ते ताठ बसत.
"दुखत्यात," म्हणायचे.
तेव्हा दुखत नव्हते.

लग्नात पाळकांनी वाचलेलं एकच वचन
त्यांना तोंडपाठ होतं, बायकांसाठीचं, 'अधीन' शब्द असलेलं.
भाकरी गार, तर अधीन.
मिरजेला आजीकडे जायचंय, तर अधीन.
एकदा रश्श्यात मीठ जास्त झालं
तर ताट अंगणात,
आणि ताटामागून ते वचन.
आईने कुत्र्याला हाकललं, वाकून ताट उचललं, राखेने घासलं.
मी पायरीवर बसून शिकले:
नम्रता म्हणजे हे.

चौदाव्या वर्षी मी शास्त्र उघडून पाहिलं.
त्या ओळीच्या वर आणखी एक ओळ होती.
तिथेही अधीनच व्हायचं होतं,
पण एकमेकांच्या.
पान घेऊन मी चुलीपाशी धावले.
आई पीठ मळत होती.
"ठावं हाय मला," म्हणाली.
"तुझ्या बाला दिसंल तवा दिसंल."
तिच्या बोटाचं पीठ पानाला लागलं. ते अजून आहे.

मग एका गुरुवारी, नळाला पाणी यायच्या वेळी,
आईचं डावं अंग गेलं.
मी सांगलीहून आले, कामाला बाई शोधली.
आप्पांनी तिला दारातून परत पाठवलं.

कॉटखालचं भांडं काढायला
ते पहिल्यांदा गुडघ्यांवर आले.
हाडं वाजली.
कॉटची दांडी धरून बराच वेळ तसेच राहिले,
कुणीतरी पट काढलाय आणि सुटका सुचत नाही, तसे.
आई वरून बघत होती.
ती हसली नाही.

आता जमतं त्यांना.
केस विंचरताना ओढतात, ती "आई गं" करते.
चपलेच्या अंगठ्यात तिचा अंगठा बसवायला
पाच मिनिटं लागतात, घाई करत नाहीत.
मी एकदा विचारलंच, हरल्यासारखं वाटतं का?
"चीत करणारा म्होरं आसतोय, त्येचा राग येतोय.
हितं कोन हाय? माझा मीच खाली आलोय."

शुभ शुक्रवारी तिची चाकाची खुर्ची बाकात मावेना,
म्हणून ते तिच्या पायाशी फरशीवर बसले.
पाळक वधस्तंभाबद्दल बोलत होते, दुपार उकडत होती.
आप्पा माझ्याकडे न बघता पुटपुटले,
"पाठीला लाकूड लागलं त्येच्या.
डाव ठावं हुता, टाकला न्हाई."
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माफी त्यांनी मागितलेली नाही.
मी वाट बघायचं सोडलेलं नाही.
पाळक मला म्हणतात, तूही नम्र हो.
मी म्हणते, हा शब्द जरा जपून, पाळकसाहेब,
आमच्या घरात तो एकदा फार खर्च झालाय.

संध्याकाळी आप्पा पेज करतात, पातळ, गुठळ्यांची.
चमचा तिच्या ओठाला लावून थांबतात.
ती गिळते. वेळ घेते.
"मीठ कमी हाय," म्हणते,
आणि तिच्या उजव्या डोळ्यात काहीतरी लुकलुकतं.

आप्पा जमिनीला हात लावून उठतात,
मिठाची बरणी शोधायला.