फक्त पाहा

साखर पेठेत, पत्र्याच्या खोलीत,
राजमल्लू गाजुलांचे एकशे चौदा ग्राफ
मी स्कॅन करते आहे.
चौकटीचे कागद, लाल-निळ्या पेन्सिलीनं भरलेली घरं,
कडेला तेलुगूत आकडे,
मोराच्या पोटावर चहाच्या बशीचा गोल.

मुलगा, श्रीहरी, म्हणाला : सगळ्यांना दिसू दे,
पण कुणाच्या हाती लागायला नको.
म्हणून मी माऊसचं उजवं बटण मुकं केलं,
छापायची वाट बुजवली,
प्रत्येक पानावर तिरका, फिकट शिक्का मारला,
धुतलेल्या चादरीवर कुणी ओल्या पायानं चालत गेल्यासारखा.
'उतरवून घ्या' पुसलं.
उरलं 'पाहा'.

चौथ्या दिवशी मोर परत आला.
व्हॉट्सॲपवर, शिक्क्यासकट,
आणि त्याच्या मानेतून आरपार
कुणाच्या तरी दुकानातली ट्यूबलाइट.
पडद्याचाच फोटो काढला होता.
याला कुठलं कुलूप लावायचं?

श्रीहरी म्हणाला, पासवर्ड घाल.
मामा काहीच म्हणाले नाहीत.
चष्मा कपाळावर सारून, मोबाइल नाकाशी धरून
ओठातल्या ओठात घरं मोजत राहिले :
ओकटी, रेंडु, मूडु…

मग एकदम, मोजणी न सोडता :
"कारखान्याच्या दारात झडती व्हायची.
डबा उघडा, चप्पल झटका, टोपी काढा.
कागद एक बाहेर जाऊ द्यायचे नाहीत मालक.
डोकं कोण उघडून बघतंय?
दिवसा बघायचं. रात्री काढायचं,
ह्याच्याच गणिताच्या वहीत."

श्रीहरी खिडकीबाहेर बघू लागला.
खाली मागावर कुणीतरी धोटा बदलत होतं,
तेवढ्यापुरती खोली गप्प झाली.

मी स्कॅनरचं झाकण मिटलं.
एकशे चौदा.
यातले किती त्यांचे, किती बघून आणलेले,
विचारावं असं वाटलं, विचारलं नाही.

"ह्या फोटोत कडेची चार घरं कापली गेलीत,"
मामा म्हणाले. त्यांना राग आला होता, आत्ता कुठे.
"असं विणलं तर मोर लंगडा होतंय बघ.
घ्यायचंच आहे त्याला, तर पुरा घेऊ दे की."

रात्री मोरापुरतं बटण उघडलं.
शिक्का काढला.
चहाचा गोल तसाच ठेवला.
बाकी एकशे तेरा अजून
फक्त पाहा.

श्रीहरीला अजून सांगितलेलं नाही.
सकाळपर्यंत सात जणांनी मोर नेला.