कच्चं कातणं

गाभ्यावरून करवत, ओंडक्याचे दोन भाग.
गाभा ठेवला की भांडं तिथूनच तडकतं
हे तेग्वेनला बापाने नाही,
तडकलेल्या सात भांड्यांनी शिकवलं.

फेब्रुवारीत वारा समुद्रावरून आयरॉनच्या खोऱ्यात चढला
आणि अंगणातला ओक गोठ्यावर आडवा झाला.
इद्वल कार्डिफहून फोनवर म्हणाला, जळणाला दे.
ती म्हणाली, बघते.

आता अर्धा ओक लेथवर. तीस किलो, एका अंगाला जड.
खाली वाळूची पोती रचलीत, तरी यंत्र
दाव्याला हिसके देणाऱ्या खोंडासारखं जागचं सरकतं.
वेग अगदी कमी. गोल पटाशी टेकवली की
टक्, नुसती हवा, टक्, साल, हवा,
कोपरापर्यंत हादरे.
मग हवा कमी होत जाते
आणि ठोके जुळून एक सलग घरघर.
ओली ढलपी सुटते, लांब, आंबूस वासाची,
खांद्यावरून मागे पडते.
चष्म्यावर झाडाचं पाणी.
ओकचा रस आणि पोलाद: संध्याकाळी
हात शाईत बुडवल्यासारखे काळे,
दुकानातली पोर सुटे पैसे वरूनच टाकते.

तिसऱ्या ओंडक्यात पटाशी किंचाळली.
बटण बंद. धारेला नखाएवढी खाच.
लाकडात लोखंडी आकडा,
भोवती निळा, जांभळा, मध्ये काळा डाग.
पन्नास वर्षं झाड त्याला गिळत होतं.

कपड्यांच्या दोरीचा.
दुसरं टोक गोठ्याच्या खांबाला.
आईच्या चादरी, इद्वलच्या शाळेच्या विजारी,
आणि एका सोमवारी, धुण्याच्या वारी,
दोरीवर काहीच नाही.
दोघांनी खिडकीतून पाहिलं होतं.
बोलले नाहीत. अजून नाहीत.

पकडीने आकडा उपसला. भोक राहिलं.
सूप काही यात ठरणार नाही.
तरी तिने कातलं, जेवढं रुंद त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड भिंत ठेवून.
सुकताना ते लंबगोल होणार, ओढलं जाणार.
वाकडं व्हायला जागा ठेवावी लागते.

कडेला मेण. बुडाला पेन्सिलीने:
१४ मार्च, सहा किलो तीनशे दहा.
त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत,
जिन्याखाली, आकडा पिशवीच्या तळाशी.

दर महिन्याला काट्यावर.
मे: पाच किलो चारशे.
जुलै: चार किलो नऊशे साठ.

इद्वल फोनवर विचारतो, जळण किती निघालं?
पलीकडे त्याचा टीव्ही चालू.
ती पेन्सिल कानामागे खोचते.
अजून वजन उतरतंय, म्हणते.
थांबलं की कळवते.