पाण्यावर लोखंड

परळीत, थर्मलची राख जिथं
वाळत घातलेल्या लुगड्यांवर उतरते,
त्या अंगाला वैद्य रेणापूरकरांची रसशाळा.
खलाच्या एका बाजूला मी, समोर ती.
हजेरीपटावर तिचं नाव : कांचन.

अधिक महिन्यात जन्मली म्हणून धोंडा.
वर्षात एक महिना जास्तीचा,
घरात एक पोरगी जास्तीची.
लग्नात ताटभर तांदळात
नवऱ्यानं अंगठीच्या टोकानं तिला सोनं केलं,
आणि मग अकरा वर्षं
रोज कसोटीवर घासून बघितलं.
पिवळी रेघ उठली नाही.

हे सांगताना तिचा बत्ता थांबायचा नाही.

लोखंडाचा कीस आधी लालबुंद करायचा,
मग विझवायचा. तेलात, ताकात, गोमूत्रात,
कांजीत, कुळथाच्या काढ्यात,
सात-सात वेळा.
"पस्तीस," ती म्हणाली. "माझे मी मोजले नव्हते."

मग त्रिफळ्याच्या काढ्यात घोटणं,
खड्ड्यात गोवऱ्या रचून पुट देणं,
सकाळी काढून परत घोटणं.
काळं. परत काळंच. मग विटकरी.
मग एका सकाळी पिकल्या जांभळासारखं.
"याचं सोनं कधी होतं हो?" मी विचारलं.
वैद्य चष्मा पुसत राहिले.
"सोनं कशाला? लोखंडाचं आपण रक्त करतो,
पांढऱ्या पडलेल्या पोरींसाठी."

चिमूटभर तिनं दोन बोटांत चोळलं.
बोटांच्या रेघांत शिरलं आणि तिथंच बसलं,
कुठंच चमकलं नाही.
"निश्चंद्र," वैद्य म्हणाले. "हे चांगलं."
तिनं हात उन्हात धरला
आणि बराच वेळ तसाच ठेवला, उगीच.

आषाढात दीर आला, जीप घेऊन,
सोबत मामा, गावचे दोन शहाणे.
गुळासारखं बोलले, तुपासारखं, मधासारखं.
पोथीत असंच आहे म्हणे :
गूळ, तूप, मध, गुंज, टाकणखार
भस्मात घालून आच द्यावी,
कच्चं असेल तर धातू उलटून येतो.
चहा झाला. तिनं कपबशा गोळा केल्या.
"मला गोवऱ्या मोडायच्यात," म्हणाली.
जीप वळायला गल्लीत जागा नव्हती,
मारुतीच्या पारापर्यंत उलटीच गेली.

शेवटची परीक्षा तिनंच घेतली.
पितळी वाटीत पाणी, वर चिमूटभर भस्म.
तरंगलं.
मग पदराच्या गाठीतून
तांदळाचा एक दाणा काढला, जुना, पिवळट,
आणि त्या तरंगत्या लोखंडावर ठेवला.
आम्ही दोघी वाटीवर वाकलो, श्वास धरून.
बाहेर कुणीतरी हातपंप हापसत होतं.
दाणा बुडाला नाही.

शनिवारी पगार. पटावरचं नाव तिनं खोडलं,
शेजारी स्वतः लिहिलं, सावकाश,
पैसे मोजून दारापर्यंत गेली,
परत आली.
'धों'वरचा अनुस्वार राहिला होता.
तो दिला.