पाव चौकट

गॅलाशील्स. चार वाजताच अंधार.
इशबेल चौकटीच्या लोकरी कापडावर
खडू टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते.
लाल रेघ खिशावरून अखंड जायला हवी,
कॉलरखालून पाठीत उतरायला हवी.
बाहीला पुढून जमतं, मागून कधीच नाही;
हे गिऱ्हाइकांना सांगणं तिने सोडलंय.

ड्यूगल्डचं माप मात्र अवघड.
चाळीस वर्षं टपालाची थैली,
उजवा खांदा उतरलेला.
डाव्या खांद्यावर तिने पूर्ण चौकट धरली,
उजव्यावर पाऊण.

आरशात तो दचकलाच:
"सरळ झालो की मी!"
"हलू नका," ती म्हणाली,
तोंडात टाचण्या.

टेबलाखाली कातरणांत
पाव चौकट पडली होती.
तिच्यावर मांजर बसलं होतं.