पाळ्या

फ्रिजवर निनादचा तक्ता आहे, कंपनीने छापलेला:
सकाळपाळी हिरवी, दुपारपाळी पिवळी, रात्रपाळी निळी,
जानेवारी ते डिसेंबर, एक दिवस इकडचा तिकडे नाही.
माझा तक्ता मी आखते, वहीत, पट्टी घेऊन,
आणि दर महिन्याला
(म्हणजे इतर बायका ज्याला महिना म्हणतात त्याला)
रेघ कागदाबाहेर जाते.
एकेचाळीस दिवस. त्रेपन्न.
मग एकदा एकोणतीस, उगाच आशा लावायला.
सदुसष्ट.

मुहर्रकमध्ये पहाटेची अजान रोज थोडी सरकते
म्हणून माझा गजर वेगळा, पावणेपाचचा.
डोळे न उघडता थर्मामीटर जिभेखाली.
उठायचं नाही, बोलायचं नाही, पाण्याचा घोट नाही,
कडक व्रतच, फक्त
शेवटी ऐकायला कहाणी नाही.
छत्तीस पूर्णांक एकेचाळीस.
रात्रपाळी असली की त्याच सुमाराला निनाद
भट्टीत सळई बुडवून बघत असतो:
नऊशे साठ.
तोही लिहून ठेवतो.
आमच्या वह्या एकाच दुकानातल्या.

डॉ. हनाननी पडद्यावर बोट ठेवलं,
"बघ, मोत्यांची माळ."
मला वाटलं कौतुक करतायत.
बारा-तेरा काळे ठिपके, कडेकडेने,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे,
एकही मोठं व्हायला तयार नाही.
ह्या गावची माणसं पूर्वी नाकाला चिमटा लावून
मोत्यांसाठी समुद्राच्या तळाशी जायची.
शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा एखादा, म्हणे.
आईला फोनवर सांगितलं, सगळं नीट आहे.

औषधाच्या दुकानातला जोजी हळूच म्हणाला,
तुमच्यासारख्यांशी ह्या पट्ट्या खोटं बोलतात,
रोजच दोन रेघा दाखवतात.
मी तरी दोन पाकिटं घेतली.
खोटं का होईना, कोणीतरी रोज हो म्हणतं.

कुमुदआत्या स्क्रीनवर अर्धं कपाळ दाखवत विचारते,
"काय गं, पाळी चुकली का?"
आत्या, तुमच्याकडे चुकली की पेढे,
माझ्याकडे चुकली की गोळ्या,
दहा दिवस, जेवणानंतर.

जुलैत एकदा रेघ चढली.
तीन दशांश. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.
मी लाल पेन शोधलं.
निनादने एका नेपाळी मित्राशी रात्रपाळी बदलून घेतली,
कारण विचारल्यावर दाढदुखी म्हणाला.
चौथ्या दिवशी वॉचमन वर आला,
मॅडम, तुमच्या लाइनचा एसी अर्धाच चालतोय,
तीन रात्री झाल्या, कोणी तक्रार कशी नाही केली?
मला वाटत होतं,
तापतंय ते माझ्याच आत.

आधी आम्ही खूप हसलो.
मग मी नळ सोडून बाथरूममध्ये बसले.
उन्हाळ्यात इथे गार नळालाही कढतच पाणी येतं,
तोंड धुवायचीही सोय नाही.

आज छप्पन्नावा दिवस. हिरवा.
पाचची बस आहे, निनाद अंधारात बुटांच्या नाड्या बांधतोय.
माझ्या जिभेखाली थर्मामीटर, म्हणून तोही बोलत नाही.
बीप वाजतो. मी डोळे मिटूनच हात पुढे करते.
तो वाचतो, माझ्या वहीत लिहितो,
भट्टीचे आकडे लिहितो तसे, इंग्रजीत, घाईघाईने,
आणि जातो.

त्याचा एक अगदी सातासारखा दिसतो.
थर्मामीटर उशाशीच आहे, बटण दाबलं की मागचा आकडा सांगतो.
नाही दाबलं.
चहा टाकला, दोन कप,
मग आठवलं की तो गेलाय.