जलचिन्ह

नाव निवृत्ती पगार.
"आईबापानं नावातच पेन्शन लिहून ठेवली,"
म्हणाले पहिल्या दिवशी. मी हसले,
आणि तेवढ्यात दिसलं,
त्यांचा उजवा हात मांडीवर
नोटा मोजतोय.

नोटा नव्हत्या.
अंगठा तर्जनीवरून, तर्जनी अंगठ्याखालून,
सेकंदाला पाच.
मी फॉर्मवर लिहिलं: कंप, विश्रांतीत, उजवीकडे जास्त.
ते म्हणाले, हेही लिहा,
नोट प्रेस, नाशिकरोड, तपासणी विभाग, चौतीस वर्षं.
हात अजून ड्यूटीवर आहे.
भोंगा झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही.

दर महिन्याचा दुसरा मंगळवार.
जेल रोडवरून येतात, मुलीच्या स्कूटरवर मागे बसून,
मुंबई नाका, दवाखान्याचा दुसरा मजला.
मी कागद पुढे सरकवते.
गोगलगाय काढा, काका, आतून बाहेर.
जानेवारीत ती गोगलगाय होती.
एप्रिलमध्ये द्राक्षवेलीची सुकलेली बाळी.
खाली सही.
'निवृत्ती' वाचता येतं अजून,
'पगार' मुंगीएवढा.
"कमी होत चाललाय," म्हणतात,
आणि माझ्याकडे बघतात, मी हसते का ते.

मेंदूचं चित्र दाखवलं.
ही इथे खाली, देठापाशी, एक काळी रेघ असते.
तिथल्या पेशी निम्म्याहून जास्त विझल्या
तेव्हा कुठं बोट हललं.
"म्हणजे शाई संपत आली
आणि मशीन चालूच."
हो.
"आमच्याकडे खराब नोट काढली
की तिच्या जागी तारा छापलेली जाते.
बंडल शंभराचं शंभर.
तुमच्याकडे तारा आहे का?"
प्रयोग चालू आहेत, मी म्हटलं.
उंदरांवर. आणि लांब कुठंतरी, मोजक्या माणसांवर.
हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय
की ते आता माझ्या तोंडातून नाही,
भिंतीतून येतं.

मग डबी. पांढरी. सतरा नंबर.
आत गोळी खरी, की नुसता दाबलेला खडू,
मला माहीत नाही, डॉक्टर मोगलांना माहीत नाही.
दुसऱ्या शहरातल्या एका कपाटात
बंद पाकीट आहे, त्याला माहीत.
त्यांनी एक गोळी घेतली, उठले,
खिडकीच्या उजेडात धरली.
हात हलला, म्हणून गोळी हलली,
उजेडसुद्धा हलल्यासारखा झाला.
ज्या अंगठ्यानं जन्मभर खोटं पकडलं
तो बराच वेळ तिच्यावरून फिरत राहिला.
"हिच्यात काहीच दिसत नाही,"
म्हणाले, आणि पाण्याशिवाय गिळली.

जूनमध्ये घरी गेले, पाहणीसाठी.
संडासाच्या दारापाशी पाय जमिनीला चिकटतात,
असं मुलगी म्हणाली होती.
खाटेपासून दारापर्यंत
रांगोळीच्या आडव्या रेघा, वीत-वीत अंतरावर.
काका उठले
आणि एकेक रेघ ओलांडत
चालत गेले, सरळ, न थांबता.
कुणी सांगितलं हे, सगुणाकाकू?
"कुणी कशाला?
दिवाळीत उंबऱ्यापाशी ठिपके घातले होते,
पुसू नयेत म्हणून यांनी पाय उचलला.
तेव्हापासून रोजच दिवाळी."
फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.
समास कुणी मोजत नाही.

पाकीट उघडायला चौदा महिने आहेत.
या मंगळवारी लवकर आले,
लिफ्टपासून माझ्या टेबलापर्यंत
खडूनं रेघा मारल्या, गुडघ्यांवर बसून.
लादी पुसायला आलेल्या बाईंना म्हटलं,
एवढं आज राहू द्या.

साडेदहाला लिफ्ट उघडली.
ते खाली बघत राहिले थोडा वेळ.
मग निघाले, ओठ हलवत.
टेबलापाशी पोचले, खुर्ची धरली.
"एकोणतीस," म्हणाले.
"दारापाशी एक कमी पडलीय."